किती बारीक झालीस गं!

प्रिय ढब्बू,

पत्र आलंय म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, आमचे हे धडधाकट आहेत, फक्त मांजर जरा शिंकतंय. घरात दोन-दोन फोन असताना ही बाई पानंच्या पानं का खरडतेय, असं तुला वाटणार. तर ऐक. गेल्या अकरा दिवसांत मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा एकच गोष्ट विचारायची ठरवून केला. पहिल्या वेळी तू तुमच्या नव्या मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवलीस. दुसऱ्या वेळी शेजारच्या पोपटाची, आणि तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक आणि पोपट एकमेकांशी बोलले तर काय बोलतील त्याची. मी पोट धरधरून हसले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात यायचं, विचारायचं राहिलंच. चौथ्या वेळी तर मी प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवला होता. तू म्हणालीस, काय गं, आवाज असा का, नवऱ्याशी भांडलीस की काय, आणि झालं, गाडी गेली भलतीकडे. तुझ्यापुढे माझं आजवर कधी काही चाललंय का? म्हणून पत्र. पत्र तुला मध्येच तोडता येणार नाही.

दुपारचे तीन वाजलेत. जेवणाच्या ट्रॉल्या वॉर्डातून परत आल्यात आणि बाहेर ताटांचा नुसता खडखडाट चाललाय. दवाखान्यातली माझी ही आहारतज्ज्ञाची खोली तू कधी पाहिली नाहीस. जिन्याखाली आहे, म्हणजे माझ्यासारख्या काडीला पुरते. एक लोखंडी कपाट, भिंतीवर उंचीची पट्टी, कोपऱ्यात वजनकाटा, आणि टेबलावर प्लास्टिकचे भात-अंडी-केळी, लोकांना माप दाखवायला. खिशात चोवीस तास मोजपट्टी. आमचे हे सगळ्यांना सांगतात की आमच्या हिचं काम म्हणजे आजारी माणसाला अळणी खायला लावायचं. सव्वीस वर्षं संसार करून ही अक्कल! खरं काम वेगळंच आहे गं. नवा पेशंट आला की एका दिवसाच्या आत त्याच्याजवळ जायचं. उंची घ्यायची, वजन करायचं. विचारायचं नाही, करायचं, कारण वजन सांगताना माणसं वयापेक्षा जास्त खोटं बोलतात. मग दोन प्रश्न. गेल्या तीन ते सहा महिन्यांत वजन आपोआप उतरलंय का? आणि गेल्या आठवड्यात नेहमीच्या मानाने किती जेवलात? मग दंडाचा घेर, पोटरीचा घेर, आणि एक मूठ आवळायचं यंत्र असतं, त्यावर हातातली ताकद. दहा मिनिटांचं काम. पण या दहा मिनिटांत जे कळतं ते कधीकधी मोठमोठ्या मशिनींनाही कळत नाही. दवाखान्यात माणूस भरल्या ताटासमोर उपाशी राहू शकतो, बाई. सगळे त्याचे रिपोर्ट बघत असतात, ताटात काय उरलं ते कोणी बघत नाही.

आणि बघणाऱ्यांचेही डोळे फसतात. हाडाची काडी झालेला माणूस आला तर कोणालाही कळतं. पंचाईत होते ती जाड माणसाची. मागच्या महिन्यात एक ट्रक ड्रायव्हर आला. उंच, दांडगा, हे एवढं पोट, आवाज असा की अख्खा वॉर्ड जागा. पोटाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. शिकाऊ डॉक्टरने कागदावर लिहून ठेवलं होतं, पोषण उत्तम. मी गेले तेव्हा तो खाटेवर बसून पट्टा बांधत होता, आणि त्या पट्ट्याला चार भोकं नवीन होती, खिळ्याने पाडलेली. मी विचारलं, ही कधी पाडलीत? म्हणाला, चार महिन्यांत, मॅडम, दर महिन्याला एक. चेहऱ्यावर काय अभिमान! एकशे चारवरून एकोणनव्वदवर आला होता. दंडाला हात लावला तर वर चरबी आणि खाली स्नायू नावालाच. मूठ आवळायला सांगितली तर माझ्या हाताला जेवढी ताकद आहे तेवढीसुद्धा त्याच्या हातात नव्हती. मी सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, हा माणूस जाडा दिसतो पण उपाशी आहे, याला टाका घातला तर धरायचा नाही. ते वैतागले, पण त्यांनी ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं. आम्ही त्याला दर दोन तासांनी खायला घातलं, मागे लागून, रागावून, लाडीगोडी लावून. परवा तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण वेळेवर कळलं तर माणूस सुटतो. हे डोक्यात ठेव आणि मगच पुढचं वाच.

तर तुझा फोटो. लेकीच्या एम.ए.च्या पदवीदानाचा. पोरगी काय गोड दिसतेय! तिची टोपी तू एका हाताने उंच धरलीयस आणि दोघी खिदळताय. फोटो आला तेव्हा मी वॉर्डात होते, घाईत होते. बघितला आणि मी तुला काय पाठवलं, आठवतंय? अगं बाई, किती बारीक झालीस गं! कोणती जादू केलीस? आणि पुढे चार हसरे चेहरे. मी! जिचा सगळा जन्म हेच ओळखण्यात चाललाय ती मी! तुझं उत्तर आलं की जादू वगैरे काही नाही, हल्ली भूकच लागत नाही, देव पावला, पाच-सहा महिन्यांत अठ्ठ्याऐंशीवरून एकाहत्तरवर आलेय, आता तुझी जागा घेणार, काडी. मी त्यावरही हसले. खरंच हसले. संध्याकाळी घरी ह्यांना फोटो दाखवला आणि सांगितलं, बघा, माणसाने मनावर घेतलं तर काय होतं. त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या सिस्टर माझ्याकडे चहाला आल्या. पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. पेशंटच्या पायांचा आवाज ऐकून सांगते, याचा ताप वाढलाय. माझा फोन टेबलावर होता आणि तुमचा फोटो उघडाच होता. त्यांनी चष्मा वर केला, जरा वेळ बघितलं, आणि चहाचा घोट घेत सहज विचारलं, या कोणत्या वॉर्डातल्या गं? मी म्हटलं, वॉर्डातल्या कुठल्या, ही माझी मैत्रीण, घरी आहे, मजेत आहे. सिस्टरनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, बरं. ढब्बू, ते ‘बरं’ मी अजून विसरलेले नाही. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि फोटो मोठा करून बघितला. मैत्रीण म्हणून नाही, पेशंट म्हणून.

आता काय दिसलं ते लिहिते. हसायचं नाही. तुझ्या कानशिलांवर खड्डे पडलेत. गळ्याजवळची हाडं वर आलीत, जी गेल्या तीस वर्षांत मी तर सोड, तूही पाहिली नसशील. टोपी धरलेल्या हाताची बाही खाली घसरलीय आणि दंडाची कातडी लोंबतेय. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला उंचवटा, जो मुठीत असतो ना गुबगुबीत, तो सपाट झालाय. घड्याळ मनगटावरून घसरून अर्ध्या हातावर आलंय. आणि अंगठी तू मधल्या बोटात घातलीयस. का, ते तुला माहीत आहे आणि मलाही. मग मी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशोब केला. अठ्ठ्याऐंशीमधले सतरा गेले, म्हणजे शंभरातले एकोणीस. पाच-सहा महिन्यांत. आमच्याकडे शंभरातले दहा गेले तरी आम्ही फॉर्मवर लाल खूण करतो आणि डॉक्टरांच्या मागे धावतो. एकोणीस म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. म्हणशील, गुडघ्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं वजन कमी करा. चालायला लागले, साखर सोडली. बाई गं, तुझी आणि माझी ओळख आजची आहे का? हॉस्टेलवर आपण एका सोमवारी सकाळी डाएट सुरू केलं होतं, आठवतंय? भिंतीवर तक्ता लावला होतास, भूगोलवाली ना तू, नकाशासारखा रंगवून. दुपारी चार वाजता रेक्टरबाईंना आपण दोघी कॅंटीनमागे सापडलो, तू दोन प्लेटी घेऊन आणि मी नुसती तुझ्या सोबतीला. त्यानंतर तू सूपचं डाएट केलंस, फळांचं केलंस, फक्त पांढरं न खायचं केलंस. तीस वर्षांत सगळी मिळून तू दोन किलो उतरवलीस आणि तीन चढवलीस. आणि आता काहीही न करता सतरा? गंमत म्हणजे साखर तू यापूर्वीही सहा वेळा सोडली आहेस. साखरेने तुला कधी सोडलं नव्हतं.

आणखी एक कबूल करते. मी तुझ्या इंजिनियर नवऱ्याला फोन केला होता. तुझ्या पाठीमागे. त्याला रागावू नकोस, बिचाऱ्याने तुला सांगू नका म्हणून मला शपथ घातली होती आणि ती मी इथे मोडतेय. तोही खुशीतच होता. म्हणाला, वहिनी, तुमची मैत्रीण आता चिमणीएवढं खाते, दोन घासांत तिचं पोट भरतं. मी जरा खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बोलायला लागला. शाळेतून आली की झोपते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मध्ये थांबते. भांड्यांच्या मांडणीवरचा मोठा कुकर आता त्यालाच काढून द्यावा लागतो. संध्याकाळी पाय सुजतात म्हणून बूट सोडून चपला घालते. अगं, सूज म्हणजे अंगात साठलेलं पाणी, आणि पाण्यालाही वजन असतं. म्हणजे काट्यावर जे एकाहत्तर दिसतंय, तेही खरे एकाहत्तर नसणार. शेवटी त्याने मला विचारलं, काही काळजीचं नाही ना? आणि मी, मूर्ख बाई, म्हटलं, नाही हो, सहज विचारलं. त्या ‘नाही हो’साठी मी स्वतःला रोज शिव्या घालतेय.

मी डॉक्टर नाही. काय झालंय ते मला माहीत नाही, आणि कदाचित काही फार झालेलंही नसेल. थायरॉइड असेल, रक्तातली साखर असेल, पोटातला साधा व्रण असेल, दाताचं दुखणं असेल आणि तू अंगावर काढत असशील. दुसरंही काही असेल. मी ते नाव लिहीत नाही, पण ते माझ्या डोक्यात आहे आणि तुझ्याही येऊन गेलं असणार, नाहीतर तू पोपटाच्या एवढ्या नकला केल्या नसत्यास. काहीही असो, जाऊन दाखवायचं. तुझ्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे, गुडघ्यावाल्याकडे नाही. जाताना जुनी वजनं लिहून घेऊन जायचं, तारखेसकट. त्यांना सांगायचं, प्रयत्न न करता माझं वजन सतरा किलो उतरलंय, भूक गेलीय, दोन घासांत पोट भरतं, पाय सुजतात. याच शब्दांत. विनोद करायचा नाही. तू विनोद केलास की त्याही हसतील आणि म्हणतील, छान दिसताय. त्या म्हणाल्या की छान दिसताय, तर म्हणायचं, माझी मैत्रीण म्हणते रक्त तपासा आणि पोटाचा फोटो काढा, त्याशिवाय मी उठणार नाही. आणि निकाल येईपर्यंत खायचं. भूक असो नसो. थोडं थोडं, दर दोन तासांनी, घड्याळ लावून. दूध, अंडं, दाणे, भातावर तूप. हो, तूप. मी सांगतेय, काडी सांगतेय, तुला तूप खा म्हणून. बघ काय दिवस आलेत.

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. वाटलं, पुरे, एवढं बास आहे. पण मी तुला ओळखते. तू हे वाचशील, इंजिनियरला मोठ्याने वाचून दाखवशील, माझ्या आवाजात, आणि दोघं हसाल. मग तू म्हणशील, परीक्षा संपल्या की जाईन. मग सुट्टी लागली की. मग लेकीचं बस्तान बसलं की. म्हणून आता काकूंबद्दल लिहायला हवं. तुझ्या आईबद्दल आपण दोघी कितीदा बोललो असू! त्यांचं ते दारातच बूट काढायला लावणं, मला बघितलं की आधी मनगट धरून, या पोरीला कोणी खायला घालतं की नाही, असं ओरडणं. दर वर्षी त्या गेल्या त्या दिवशी तू मला फोन करतेस आणि एकच वाक्य म्हणतेस, तू होतीस म्हणून शेवटी आईजवळ घरचं माणूस होतं. पंचवीस वर्षं झाली. मी दर वेळी म्हणते, अगं, त्यात काय एवढं. आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही.

तू सातव्या महिन्यात होतीस, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायला बंदी केली होती. काकू इथे आमच्याकडे दाखल झाल्या, आतड्याच्या ऑपरेशनसाठी. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. नवा कोरा एप्रन, आणि आपल्याला सगळं कळतं असा तोरा. काकू खाटेवर बसल्या होत्या, मला बघून उठल्या, आणि उभ्या राहून गोल फिरून दाखवलं. म्हणाल्या, बघ, सगळे कपडे ढगळ झालेत, शहाण्णववरून एक्याऐंशीवर आलेय, औषध नाही, पाणी नाही. आणि मी टाळ्या वाजवल्या. किती बारीक झालात, काकू! अगदी असंच म्हणाले. मग त्यांचा फॉर्म भरला. उंचीच्या मानाने अजूनही वजन भरपूर होतं, म्हणून ‘वजन जास्त’ या रकान्यात खूण केली. खाली एक ओळ होती, अलीकडे वजनात बदल? तिथे मी लिहिलं, हो, समाधानकारक घट. आणि त्याखाली, आहार: वजन कमी करण्याचा. सही केली. ऑपरेशनपर्यंतचे नऊ दिवस त्यांना माझ्या हुकमाने तेल नाही, साखर नाही, अर्धा कप दूध. अंगातलं सगळं आधीच आटत चाललेल्या बाईला. त्यांनी एक अक्षर तक्रार केली नाही, शेजारच्या पेशंटला सांगायच्या, आमची ही मोठी हुशार आहे. एकदा फक्त चहाबरोबर एक बिस्किट मागितलं होतं. मी हसत हसत नको म्हणून बोट नाचवलं. ऑपरेशन नीट झालं, पण जखम भरेना. सहाव्या दिवशी टाके उसवले. मग त्यात पू, मग ताप, मग ते अंगभर पसरलं. एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या. मी तुला फोनवर सांगितलं, हृदय थांबलं. खोटं नव्हतं, शेवटी सगळ्यांचंच थांबतं. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी फाईल चाळताना विचारलं होतं, या बाईंना उपाशी कोणी ठेवलं? खोलीत आम्ही पाच जण होतो. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

नीट खाल्लं असतं तर काकू वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. आतड्यातली गाठ वाईट होती, असंही म्हणत होते. पण लढायला अंगात काहीतरी असावं लागतं, आणि जे उरलं होतं तेही मी काढून घेतलं, हे मला माहीत आहे. त्या वेळी तुला सांगितलं नाही, तू पोटुशी होतीस म्हणून. नंतर सांगितलं नाही, बाळ लहान होतं म्हणून. त्यानंतर कारणच उरलं नाही, फक्त तू जाशील याची भीती उरली. हे मी मरेपर्यंत झाकून ठेवलं असतं, एवढी मी भित्री आहे. पण नुसतं तपासून घे म्हटलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, आणि हे तुला हसण्यावारी नेता येणार नाही. जाड बाईला बारीक झालेली पाहून मी दोनदा टाळ्या वाजवल्या, एकदा तुझ्या आईसाठी आणि एकदा तुझ्यासाठी. पहिल्या वेळी मला कोणी थांबवलं नाही. आता मला शिव्या दे. पुन्हा फोन करू नकोस, लेकीला सांग की या मावशीचं नाव घरात काढायचं नाही, मी एक शब्द उलट बोलणार नाही. तो तुझा हक्क आहे, आणि पंचवीस वर्षं उशिरा देतेय. फक्त आधी डॉक्टरीणबाईंकडे जा. उद्याच जा. माझ्या प्रेमाखातर नको जाऊस, माझ्यावरच्या रागाने जा, मला खोटं पाडायला जा. निकाल मला कळवायचा नसेल तर कळवू नकोस, इंजिनियरला सांग, तो मला एका शब्दात कळवेल. मैत्री गेली तर मी रडेन आणि जगेन. पण तू जायला नकोस, ढब्बू.

तू ठेवशील तर तुझीच,
काडी